गुळाचे हात

गुऱ्हाळ परवा पेटलं. आमच्या घरापासून दोन शेतं पलीकडं आहे, त्यामुळं कुणी येऊन सांगायला लागत नाही. सकाळी परसात गेलं की फडावरून धूर आडवा पसरलेला दिसतो आणि दुपारी वारा फिरला की उकळत्या रसाचा वास स्वयंपाकघरात येतो. शहरातून येणारे पाहुणे हा वास डोळे मिटून ओढून घेतात. मला विचाराल तर पहिले चार दिवस तो बरा वाटतो. पुढं तो लुगड्याला बसतो, अंथरुणाला बसतो, भाताच्या वाफेत बसतो आणि मग नको होतो. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, गुळव्या होते; काहिलीतला, त्या मोठ्या कढईतला रस केव्हा उतरवायचा हे सांगणारा माणूस. त्यांच्या अंगाचा तो वास उन्हाळा लागेपर्यंत जात नसे.

या दिवसांत आमच्याकडं सगळ्यांचेच हात चिकट असतात. दाराची कडी चिकट, पाण्याचा तांब्या चिकट, पोरांच्या वह्यांची पानं एकमेकांना धरून बसलेली. हात पाण्याखाली धरून झटकले तरी बोटांच्या रेघांत गूळ राहतो. पूर्वी याचं कुणाला काही वाटत नसे. आता धूर दिसला की माझं पहिलं काम म्हणजे मोरीवर साबणाची नवी वडी ठेवायची. ही सवय मला चार वर्षांमागच्या हिवाळ्यानं लावली. त्या हिवाळ्यात आमच्या सुनेनं माणसं मोजायला शिकायला घेतलं.

सून म्हणजे अश्विनी. माझा मुलगा संजय कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीवर जातो, त्याची बायको. बारावी झालेली, लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली. मग एक दिवस तिनं सांगितलं की मी दवाखान्यातल्या मदतनीसाचा कोर्स करणार आहे. वर्षाचा कोर्स, त्यातले शेवटचे तीन महिने मुरगूडच्या एका दवाखान्यात मोठ्या सिस्टरच्या नजरेखाली काम करायचं. ताप बघायचा, नाडी बघायची, वजन, रक्तदाब, बोटातलं थेंबभर रक्त घेऊन साखर बघायची आणि आकडा सिस्टरना दाखवायचा. एवढंच.

मी म्हटलं, "लोकांच्या काखेत कांडी घालायला बारावी कशाला लागती गं?"

ती म्हणाली, "घालायला न्हाय लागत आत्ती. वाचायला लागती."

मी चौथीपर्यंत शिकलेली. मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय हे.

माझंही एक काम त्या हिवाळ्यात अडलेलं होतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. तांदळातला खडा दिसेना ते सोडा, मला परसाची पायरी दिसेना. दिवाळीच्या आधी एकदा पडले. फार लागलं नाही, पण त्या दिवसापासून संजय म्हणायला लागला, आई एकटी परसात जाऊ नको, कुणाच्या तरी हाताला धर. मला कुणाच्या हाताला धरायचं नव्हतं. माणूस दुसऱ्याच्या हातानं परसात जायला लागलं की घरात त्याला काही विचारत नाहीत. माझ्या सासूचं तसं झालेलं मी बघितलंय. तिला न विचारणाऱ्यांत मीही होते.

कोल्हापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यानं तारीख दिली, पण अट घातली. मला साखरेचा आजार आहे. साखर जास्त असली की जखम चिघळते, डोळाच जातो. म्हणून जेवणानंतरची साखर दोनशेच्या आत आहे असा तुमच्या डॉक्टरांचा कागद आणा, आणि आम्हीही त्या दिवशी परत बघू, म्हणाले. कागद नसला तर तारीख गेली, पुढची पाडव्यानंतर. पाडव्यापर्यंत मी किती वेळा पडले असते कुणास ठाऊक.

त्या हिवाळ्याच्या सकाळी आठवल्या की मला आमचं अंगणच दिसतं. ऊन तुळशीपर्यंत आलेलं, दंव अजून वाळायचं, आणि अश्विनी पाटावर रक्तदाबाचा पट्टा, घड्याळ, वही मांडून बसलेली. तिला सराव पाहिजे होता. दवाखान्यात सिस्टर करू देतील तेवढंच, म्हणून घरी आम्हाला धरलं. पहिल्या दिवशी मला आणि शेजारच्या पद्माक्कांना. चार दिवसांत गल्ली गोळा झाली. एकीनं विचारलं, आमच्या म्हशीचं बघतीस का? अश्विनी म्हणाली, "म्हस पाच मिनिटं गप बसत आसंल तर आणा."

कारण तिची सगळी भांडणं त्या पाच मिनिटांवरनं. रक्तदाब बघायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही, आणि बोलायचं नाही. आता आमच्याकडं माणूस माणसाशेजारी बसलं आणि बोललं नाही असं होतं का? अनोळखी असला तर आधी "पावणं, कुठल्या गावचं?" आणि ओळखीचा असला तर त्याच्या गावातल्या सगळ्यांची चौकशी. पट्टा आवळायला लागला की बायका जोरात बोलायला लागायच्या, जणू पट्ट्यालाच ऐकू येत नाही. अश्विनी पट्टा सोडायची, वही मिटायची आणि परत पहिल्यापासून घड्याळ बघायला लागायची. रागवायची नाही. तिचं न रागवणं मला जास्त टोचायचं. गप बसल्या त्या फक्त पद्माक्का. त्या जैन, रोज सकाळी आसनावर जप करत गप बसायची त्यांना सवय. त्यांचा आकडा पहिल्या झटक्यात यायचा. मला त्याचाही राग यायचा.

दंडाची बाही वर सारून चालत नव्हतं. आमच्या वयाच्या बायकांच्या चोळ्या दंडाला घट्ट, बाही वर ओढली की दंडालाच फास बसतो आणि आकडा भलताच येतो. मग आतल्या खोलीत जाऊन हात बाहीतनं काढायचा, वरनं पदर घ्यायचा. ती प्रत्येकीला आत न्यायची, दार लावायची. कुणाची चोळी जुनी, कुणाची फाटकी, हे तिनं कधी बाहेर काढलं नाही. एवढ्या मोठ्या गल्लीत ही गोष्ट पोटात ठेवणं सोपं नाही. मला जमलं नसतं.

एकदा तिनं मला विचारलं, "आत्ती, अर्ध्या तासात चहा, तंबाखू काय घेतलासा?"

"चहा न्हाय. तंबाखूला मी कवा शिवलेय?"

तिनं माझा हात उलटा केला. तर्जनी काळी होती. मी मिश्री लावत बसलेले होते.

"ह्यो काय मग?"

"ही मिश्री हाय."

"मिश्री कशाची करत्यात?"

आता मिश्री तंबाखू भाजूनच करतात, हे मला साठ वर्षं माहीत होतं. पण मिश्री म्हणजे दात घासायचं, तंबाखू म्हणजे पुरुषांचं, अशी माझ्या डोक्यात दोन वेगळी फडताळं होती. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या डोक्यात होती. दवाखान्यात विचारलं की सगळ्या न्हाय म्हणायच्या आणि कुणी खोटं बोलत नव्हतं. त्या दिवसापासून अश्विनी तंबाखूचं विचारायचीच नाही. "मिश्री कवा लावली?" असंच विचारायची. पुढं मोठ्या सिस्टरही तसंच विचारायला लागल्या. ही पद्धत सूनबाईनं आणली, हे मला तिथल्याच एका आयाकडनं कळलं. ती स्वतः बोलली नव्हती.

वजनाच्या काट्यावर वेगळाच खेळ. आमच्या गल्लीत बापूतात्या म्हणून एक म्हातारा आहे, तरुणपणी तालमीत गेलेला, अजून मिशी पिळून असतो. त्याच्या पायातलं पायताण म्हणजे चांगलं जाड, चाललं की वेशीपर्यंत करकर ऐकू येतं. अश्विनी म्हणाली, "तात्या, पायताण काढून चढा."

"पायताण काढायला ह्ये काय देऊळ हाय व्हय?"

"वजन तुमचं लिवायचं का पायताणाचं?"

"दोगांचंबी लिव. दोगं कवाधरनं सोबत हाईत."

गल्ली हसली. तीही हसली, पण काट्यावर हात ठेवून उभी राहिली. शेवटी तात्यानं पायताण काढलं. त्यालाही मनातून ते आवडलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन अनवाणी उभा होता.

आणि श्वास मोजायची तिची युक्ती. ती माझं मनगट धरून बसायची, मला वाटायचं नाडी बघते आहे. नाडी तर तिनं केव्हाच मोजलेली असायची. मनगट तसंच धरून ती माझ्या पोटावरचा पदर वरखाली होताना बघत असायची. का, तर श्वास मोजते म्हटलं की माणूस नीट श्वास घेत नाही, मुद्दाम घेतो. हे मला तिनं नंतर सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, तू भलतीच लबाड हायस. हे मी चांगल्या अर्थानं म्हटलं. माझं कौतुक असंच निघतं.

आमच्या मालकांना हे बघायला मिळालं असतं तर काय म्हणाले असते, असा विचार त्या हिवाळ्यात माझ्या मनात वरचेवर यायचा. ते आकड्यातले नव्हते. रस उकळायला लागला की काहिलीच्या कडेला उभे राहायचे, बुडबुड्यांकडं बघायचे, आवाज ऐकायचे. मग थेंबभर पाक गार पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळायची. गोळी बसली की हात वर. तो हात वर गेला की सहा माणसं काहिलीला भिडायची. कधी चुकले नाहीत असं लोक म्हणतात. मी बायको, मला माहीत आहे, चुकायचे. दोनचार वेळा गूळ काळा पडला, एकदा बसलाच नाही. पण ते कबूल करत नसत. ऊस खारवट होता म्हणायचे, लाकूड ओलं होतं म्हणायचे, रसात घालायच्या चुन्याला नावं ठेवायचे. आपल्या बोटाला मात्र कधी नाव ठेवलं नाही. आम्ही सगळी त्यांच्या अंदाजावर जगलो आणि चांगलं जगलो, हे नाकारत नाही. पण माणसाचं रक्त म्हणजे काहिलीतला रस नाही. गूळ बिघडला तर गुरांना घालता येतो.

कागदाचा दिवस आला. डोळ्यांच्या तारखेला दहा दिवस होते. जेवून दोन तासांनी या, असं अश्विनीनं सांगितलेलं. ती सकाळीच पुढं गेली होती. मी जेवले, आणि मधल्या वेळात रिकामं बसवेना म्हणून गुऱ्हाळावरनं आलेली गुळाची ढेप फोडून डबे भरले. मग हात पाण्यानं धुतले, पदराला पुसले आणि वडापच्या गाडीत, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये, बसून मुरगूडला गेले.

त्या दिवशी दवाखाना भरलेला होता. हिवाळ्याचा खोकला, त्यात बाजारचा दिवस. बाकावर जागा नव्हती, तीस तरी माणसं असतील. अश्विनीनं मला खुर्चीवर बसवलं. पलीकडं मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, एक डोळा तिच्यावर, एक रांगेवर. अश्विनीनं हातमोजे घातले, नवी सुई काढली, स्पिरिटचा बोळा माझ्या बोटावरनं फिरवला, वाळू दिला आणि बोटाच्या कडेला टोचलं. मधोमध टोचत नाही ती, कडेला कमी दुखतं. थेंब आला, पट्टीनं तो ओढून घेतला. यंत्र थोडा वेळ विचार करत बसलं. मग तिचा चेहरा पडला.

"किती?" मी विचारलं.

"तीनशे बेचाळीस."

पहिल्यांदा डोळा आठवला, मग परसाची पायरी. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. हळू बोलायचं म्हटलं तरी माझा आवाज आमच्याकडचा, शेजारच्यांनी ऐकला असणार.

"एकशे बेचाळीस लिव. एकाच आकड्याचा तर फरक हाय."

"न्हाय आत्ती."

"कोण बगतंय?"

"मी बगतोय की."

तिनं तीनशे बेचाळीस लिहिलं आणि वही सिस्टरना दाखवली. सिस्टरनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या भल्या बाई आहेत, पण तेव्हा त्यांच्या समोर दुसरा पेशंट झोपलेला होता. म्हणाल्या, आज कागद नाही देता येणार, गोळी वाढवून देते, महिन्यानं बघू. त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मी बाहेर आले, कुणीतरी सरकून बाकाचं टोक दिलं, तिथं बसले. मला सुनेचा इतका राग आला होता की मी तिच्याकडं बघितलंच नाही. मनात म्हटलं, घरात सापडलं माणूस, त्याच्यावर आपला खरेपणा दाखवून घेतला.

अश्विनी पुढच्या पेशंटला हाक मारायला बाहेर आली आणि माझ्यासमोर थांबली. माझ्या हाताकडं बघत होती. मांडीवर पडलेल्या माझ्या हातावर मुंग्या होत्या. तीन-चार बारीक लाल मुंग्या, बोटांच्या पेरांवर फिरत होत्या. मला दिसतही नव्हत्या.

"आत्ती, जेवल्यावर काय केलासा?"

मी बोलणार नव्हते. पण ती वाकून माझं बोट नाकाशी नेऊन बघायला लागली. मग म्हटलं, "गूळ फोडला. का? त्योबी गुन्हा हाय?"

ती सरळ उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला पुढं पुष्कळ दिवसांनी कळलं. यंत्र बिघडलंय म्हणता आलं असतं. पट्टी जुनी म्हणता आलं असतं. आत जाऊन गुपचूप परत मोजून, "आता बरी आली" म्हणता आलं असतं. तिच्या वहीवर त्या आठवड्यात सिस्टरची शेवटची सही व्हायची होती. ती नसती मिळाली तर कोर्सचे आणखी तीन महिने.

ती दारात गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सिस्टर, ती चिठ्ठी थांबवा. माझं चुकलं. मी साबणानं हात धुवून घेतले न्हाईत. घरचं माणूस म्हणून विचारलंच न्हाय. बोटाला गूळ हाय."

आमच्याकडची तीस माणसं एकदम गप बसलेली मी तेवढी एकदाच बघितली.

सिस्टरनी तिला सोडलं नाही. पेशंटसमोर बोलल्या. "स्पिरिटनं गूळ निघतो का? या महिन्यात इथं येणारा निम्मा माणूस गुऱ्हाळावरनं येतो, हे तुला मी सांगायचं? ही वाढीव गोळी यांनी आजपासून घेतली असती, साखर एकदम उतरून आंघोळीला बसल्या जागी कोसळल्या असत्या, तर?" अश्विनी मान खाली घालून ऐकत होती. सारवासारव नाही, डोळ्यात पाणी नाही. सिस्टरचं संपल्यावर एवढंच म्हणाली, "परत करू का? तुमी बगा."

मग मला मोरीवर नेलं. साबणानं हात दोनदा धुतले, पेरं, नखं, रेघा, लहान पोराचे धुतात तसे. पाणी राहिलं की रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो, असं म्हणत अश्विनीनं ते पंच्यानं कोरडे केले. दुसऱ्या हाताचं बोट, नवी सुई, नवी पट्टी. सिस्टर शेजारी.

एकशे शहात्तर.

डॉक्टरीणबाईंनी आधीची चिठ्ठी फाडली आणि कागद दिला. गोळी जुनीच. अश्विनीनं वहीत दोन्ही आकडे लिहिले, पहिल्यापुढं का चुकला तेही लिहिलं. सिस्टरनी वाचलं आणि त्या पानावर सही केली. शेवटची सही. मला वाटलं होतं आज देणार नाहीत. सिस्टर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मावशी, हात कुणाचेही चुकतात. असं येऊन सांगणाऱ्या मला कमी मिळतात."

परत येताना वडापमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. बाहेर उसाच्या गाड्या, रस्त्यावर पाचट सांडलेलं. माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही. घरी गेल्यावर मी तिला आधी जेवायला वाढलं आणि मग मी बसले. हे आमच्या घरात आधी कधी झालं नव्हतं. तिला कळलं. तिनं भाकरी एक जास्त खाल्ली.

अजूनही कधी दुपारी ढेप फोडताना मला तिचं ते "माझं चुकलं" ऐकू येतं. मी उभ्या आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली. शिकलेली बघितली, मानाची बघितली, आमच्या मालकांसारखी हुशार बघितली. चूक सापडल्यावर गप बसणारी बघितली, दुसऱ्यावर ढकलणारी तर रोजच बघते, त्यात मीही येते. चूक कुणाला दिसायच्या आधी आपल्या पायानं दारात जाऊन सांगणारी मी ही एकच बघितली. आणि ती माझ्या घरात सात-आठ वर्षं भांडी घासत होती, मला माहीत नव्हतं.

डोळ्यांच्या तारखेच्या आदल्या दिवशी मात्र मी माती खाल्ली. माती म्हणजे काकवी. गुऱ्हाळावरनं ताजी आली होती, पातळ, सोनेरी, अजून कोमट. वाटीभर नाही, पण बोटभरही नाही. भाकरीला लावून खाल्ली आणि कुणाला सांगितलं नाही. रात्रभर जीभ गोड आणि मन कडू. सकाळी कोल्हापूरला निघताना अश्विनीनं विचारलं, "आत्ती, सगळं ठीक हाय न्हवं?" मी म्हटलं, व्हय.

दवाखाना मोठा होता, फरशी चकचकीत. नातेवाइकांना बाहेरच थांबवत होते, अश्विनीलाही. आत आम्ही दहाबारा म्हाताऱ्या ओळीनं, डोक्याला हिरव्या टोप्या. साखर बघायला एक पोरगी होती, विशीतली, शिकाऊच. तिच्यावरची सिस्टर पलीकडं फोनवर. पोरगी स्वभावानं गोड होती, पण घाईत. तिनं मला बेसिनवर नेऊन हात धुवायला लावले, साबण दिला, हे चांगलंच. पण पुसायला काही दिलं नाही. टोपी, गाऊन, पदरही नव्हता पुसायला. तशाच ओल्या बोटाला तिनं टोचलं. थेंब आला तो टपोरा नाही आला, पाण्यात पसरून फिका गुलाबी झाला. उजव्या डोळ्याला तेवढं जवळचं दिसत होतं. तो पातळ थेंब तिनं पट्टीला लावला.

"एकशे चार! वा आजी, एकदम छान." ती लिहायला वळली.

मी खुर्चीवर बसलेली. एकशे चार म्हणजे सरळ आत. डोळा, पायरी, परस, सगळं माझं. कुणी बघत नव्हतं. अश्विनी भिंतीपलीकडं होती, तिला कधीच कळलं नसतं. आणि खरा आकडा किती असेल ते मला माहीत नव्हतं. काल काकवी खाल्लेली मीच. दोनशेच्या वर गेला तर पाडव्यापर्यंत कुणाच्या तरी हाताला धरून.

पोरीनं पेन टेकवलं होतं.

"पोरी," मी म्हटलं, "थांब. माझं बोट वलं हुतं."

"काय होत नाही आजी, स्वच्छ पाणीच आहे."

"पाण्यानं रगत पातळ झालं. पातळ रगताची साखर कमी दिसती. कोरडं करून परत बघ. आणि तुझ्या सिस्टरला बोलव."

तिचं तोंड एवढंसं झालं. पण बोलावलं. सिस्टरनी फोन ठेवला, थेंबाची पट्टी बघितली, माझ्याकडं बघितलं, कापडानं माझं बोट नीट कोरडं केलं आणि पोरीला म्हणाल्या, "आता कर. दाबू नको, आपोआप येऊ दे." या वेळी थेंब गोल आला, गडद. यंत्र विचार करत बसलं. ओळीतल्या सगळ्या म्हाताऱ्या माझ्याकडं बघत होत्या.

"एकशे ब्याण्णव," पोरगी म्हणाली.

सिस्टरनी मान हलवली. दोनशेच्या आत. घ्या यांना.

मला उठवताना पोरगी हळूच म्हणाली, "आजी, पहिला आकडा किती चांगला होता. कशाला परत मोजायला लावलं? जास्त आला असता तर तुम्हाला घरी पाठवलं असतं की."

मी म्हटलं, "चांगला हुता. पर माझा नव्हता."

तिनं एकशे चारवर रेघ मारली, पुढं एकशे ब्याण्णव लिहिलं आणि माझ्या डाव्या डोळ्यात औषधाचा पहिला थेंब घातला.